खळ्यावरची वीज

लाईट गेली की आमच्या गावात पाणी जातं, ही साधी गोष्ट साहेबलोकांना समजावण्यात माझी अर्धी नोकरी गेली. पंखा बंद पडतो, टीव्ही बंद पडतो, मोबाइल मरतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. एकदा तलासरीला कचेरीत एका नव्या साहेबांनी मला विचारलं, "पण बाई, पाण्याचा आणि विजेचा काय संबंध?" मी म्हटलं, "साहेब, आमची विहीर खाली ओहोळाकाठी आहे आणि टाकी वर टेकडीवर. पाणी आपणहून चढत असतं तर मला कोणी कामाला ठेवलं असतं का?" साहेबांना ते झोंबलं. झोंबावं म्हणूनच मी बोलले होते.

मी ग्रामपंचायतीच्या नळयोजनेचा पंप चालवते. माहेर सरावलीचं, डहाणू रोडच्या जवळ. दहावी झाले आणि लग्न होऊन तलासरीच्या पूर्वेला, डोंगराकडच्या या गावात आले. नवरा पहाटेच्या जीपने सीमेपलीकडे गुजरातेत कारखान्यात जातो. आधीचा पंपवालाही त्याच जीपने गेला, आणि पंचायतीला मीटर वाचणारं आणि रजिस्टर लिहिणारं माणूस हवं झालं. "बाईमाणूस स्टार्टर चालवणार?" असं दोघातिघांनी तोंड वाकडं करून विचारलं. चालवला. इतकी वर्षं चालवतेय, अजून माझा हात काही झडलेला नाही.

गावाचे पाडे चार. खालच्या तीन पाड्यांना आपापल्या विहिरी आहेत. नळ आला नाही तर ते कुरकुर करतात, मला दोन शब्द ऐकवतात आणि रहाट ओढतात. वरच्या पाड्याला विहीर नाही. एक झरा आहे, पावसात त्याच्या दरडीपाशी जाता येत नाही आणि होळीच्या आधीच तो आटतो. मग नळ नाही तर ओहोळ. टेकडी उतरायची, हंडा भरायचा, टेकडी चढायची. माझी चुलत सासू, जिला मी काकी म्हणते, त्या पाड्यावर शेवटच्या घरात एकटी राहते. तिचे गुडघे कधीच गेले. उतरणं कसंबसं जमतं, भरल्या हंड्यानं चढणं जमत नाही. म्हणजे लाईट गेली की काकीनं पाण्यासाठी कोणाच्या तरी तोंडाकडे बघायचं. आणि ती कोणाच्या तोंडाकडे बघणारी बाई नव्हे.

आमच्याकडे लाईट जायला कारण लागत नाही. वारा आला की जाते, फांदी पडली की जाते, काही पडलं नाही तरी जाते. वरच्या पाड्याच्या बाया हंडे घेऊन पंपघरावरून खाली जायच्या तेव्हा माझ्याकडे असं बघायच्या, जशी काही लाईट मीच पदरात बांधून ठेवली आहे.

मग एका वर्षी पंपघराच्या छपरावर सोलार आलं. नारळ फुटला, फोटो निघाले. मला वाटलं, सुटलो. पहिल्याच वाऱ्यात लाईट गेली, वर ऊन रणरणत होतं, आणि पंप थंड. बसवणारा मिस्त्री वापीकडचा होता, त्याला फोन लावला. तो म्हणाला, "बेन, लाईट जाय ने, तो आ पण बंद." मी म्हटलं, "अरे, मग उन्हाचं काय करू, लोणचं घालू?" तेव्हा त्याने समजावलं. हे सोलार मोठ्या लाईनला जोडलेलं. लाईन मेली की त्यानेही गप्प बसायचं, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला झटका बसेल. बरोबरच होतं त्याचं. वायरमन मरायला नको. पण मग हे छपरावर कशाला चढवलं? लाईट असताना मला सोलार नको होतं, आणि लाईट नसताना सोलारला मी नको होते. असून अडचण, नसून खोळंबा.

मी अर्ज लिहिले. तलासरीला दिले, डहाणूला दिले, एकाच अर्जाच्या पाच-पाच प्रती दिल्या. कुठे शिक्का बसला, कुठे "बघू" बसलं. कितीतरी महिन्यांनी मोठे साहेब स्वतः आले आणि म्हणाले की आता मायक्रोग्रिड करू. नाव ऐकून सगळे एकमेकांकडे बघायला लागले. साहेबांनी सोपं करून सांगितलं: योजनेचं स्वतःचं छोटं वीजघर. सोलारच्या मोठ्या पट्ट्या, खोलीभर बॅटरी, आणि एक यंत्र. मोठी लाईन गेली की ते यंत्र आपला संसार वेगळा करतं, लाईनशी नातं तोडतं आणि पंप आपल्या जोरावर चालवतं. वायरमनला धोका नाही आणि पाण्याला खंड नाही. फक्त जागा पाहिजे, सपाट, दिवसभर उन्हाची, पंपघराजवळ.

अशी जागा एकच होती. काकीचं खळं.

टेकडीच्या पायथ्याला, पंपघराला लागून. बाकी एक तर उतार, नाहीतर जंगलखात्याची जमीन. हे खळं काकीच्या सासऱ्याने दगड वेचून, चोपून केलेलं. दरवर्षी भात-नागली कापली की काकी ते शेणाने सारवायची, मधोमध लाकडी मेढ रोवायची, मेढीला पहिली कणसं बांधून हळदकुंकू लावायची, आणि मगच नागली, म्हणजे नाचणी, बडवायला घ्यायची. आमच्या गावात सगळ्यात गुळगुळीत खळं तेच. तिथली नागली सुपात घेतली तर खडा सापडायचा नाही, हा काकीचा अभिमान होता आणि तो ती लपवतही नव्हती.

साहेब कागद घेऊन काकीकडे चढले, मागून मी. साहेबांनी पुष्कळ सांगितलं, गावाचं भलं वगैरे. काकी त्यांचं ऐकत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"लाईट गेली तरी पानी येल?" तिने मला विचारलं.

"येईल."

"हा सायेब सांगतो का तू सांगतेस?"

"मी सांगते, काकी."

"मंग घ्या," ती म्हणाली. "नागली काय, कुठं पन बडवीन."

आणि अंगठा पुढे केला. साहेब खाली उतरताना खूश होते. मी नव्हते. तिने खळं सरकारला दिलं नव्हतं, माझ्या शब्दाला दिलं होतं, आणि हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

काम झालं. मेढ उपटली, सिमेंटचे ठोकळे बसले, त्यावर निळ्या पट्ट्या आल्या. शेजारी बॅटरीची खोली झाली. चाचणीच्या दिवशी साहेबांनी मोठ्या लाईनचा खटका सगळ्यांसमोर खाली ओढला. पंपाचा आवाज क्षणभर गेला आणि मग पुन्हा घुर्र सुरू झाला. वरून बाया ओरडल्या, "आला, आला, पानी आला!" काकीने आपला नळ उघडला आणि तसाच ठेवला, पाणी अंगणभर. साहेब म्हणाले, अपव्यय होतोय. मी म्हटलं, होऊ दे आज.

जाताना मिस्त्रीने मला अर्धा तास शिकवलं, त्यातला निम्मा वेळ तो फोनवर होता. हातात एक इंग्रजी कागद दिला. आणि खोलीच्या दारावर साहेबांनी पाटी लावून घेतली, लाल अक्षरात: फक्त आपत्कालीन वापरासाठी.

इथून पुढे जे झालं ते मी सांगायचं टाळत आले. साहेबांवर ढकललं, ठेकेदारावर ढकललं, वादळावर ढकललं.

आमच्या घराघरात बियाण्याचं मडकं असतं. नागलीचं बी राखेत घोळवून मडक्यात भरतात, तोंड शेणाने लिंपतात आणि उंचावर ठेवतात. पावसाआधीच्या दिवसांत घरात दाणा संपतो. माणसं कंद उकडतात, मजुरीला तलासरीच्या हायवेवर जाऊन उभी राहतात, पण मडक्याला हात लावत नाहीत. बियाणं खाणाऱ्याला गावात कोणी चांगलं म्हणत नाही. सरावलीहून आले तेव्हा मला हे नवीन होतं. नंतर माझ्या इतकं अंगात मुरलं की मी इथल्या बायांपेक्षा कडक झाले. बाटगा मोठ्याने बांग देतो म्हणतात, तशातलं.

तर आपत्कालीन वापर. लाईट पहिल्यांदा गेली, ती दुपारी. मी खोलीपाशी गेले, पाटी वाचली, आणि विचार केला, ही काय आपत्ती? दोन तासांत येईल लाईट. आत्ता बॅटरी संपवली आणि रात्री खरंच काही झालं तर? नको. यंत्राने बॅटरीवर घेतलेला पंप मी हातानेच बंद केला. दुसऱ्यांदा तसंच. पाणी समितीच्या बैठकीत मीच विषय काढला. म्हटलं, ही बॅटरी म्हणजे आपलं बियाणं समजा, खरी वेळ येईपर्यंत हात लावायचा नाही. कोणी वाद घातला नाही. वरच्या पाड्याच्या बायांनीही माना डोलावल्या. बियाणं म्हटल्यावर कोण काय बोलणार? एरवी नळाच्या तोटीवरून तास-तास भांडणारी माणसं त्या दिवशी पाच मिनिटांत एकमताची झाली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मग लोक यायला लागले. कोणाला मोबाइल चार्ज करायचा, कोणाला लग्नात गाणी वाजवायला लाईन हवी. नाही म्हणून सांगितलं. आणि आपल्या गैरहजेरीत कोणी हात घालू नये म्हणून मी बॅटरीचा मोठा खटका खाली पाडला आणि खोलीला कुलूप ठोकलं. पंप मोठ्या लाईनवर चालत होता, दिवसा सोलारचाही हातभार होता. यंत्रावर हिरवा दिवा दिसायचा. मी रोज खिडकीतून हिरवा दिवा बघायचे आणि समाधानाने घरी जायचे. तो दिवा यंत्राचा होता. बॅटरीचा नव्हे.

त्या पावसाळ्यात लाईट किती वेळा गेली, मोजलं नाही. प्रत्येक वेळी वरच्या बाया चिखलातून उतरल्या आणि चढल्या. काकीला शेजारणींनी पाणी दिलं. एकदा ती स्वतः येऊन पंपघरापाशी थांबली होती, काठीवर हात ठेवून. मी म्हटलं, "काकी, थोडं थांब, येईल लाईट. ते राखून ठेवलंय." ती म्हणाली, "बरा." एवढंच. सुगीत तिने दुसऱ्या एका पुतण्याच्या खळ्यावर नागली झोडली, त्यांचं आटोपल्यावर, उरलेल्या वेळात. मी तेही बघितलं आणि मनाशी म्हटलं, एवढं थोडं सोसावंच लागतं.

पुढच्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराईत, बाजाराच्या दिवशी तलासरीला वरोरची मासेवाली सांगत होती की समुद्र काही धड दिसत नाही, आमच्या लोकांनी होड्या वर ओढल्यात. दोन दिवसांनी वादळ आलं. आमच्यापर्यंत समुद्र येत नाही, वारा येतो. आंबे गेले, कौलं गेली, चिकूच्या वाड्या आडव्या झाल्या, आणि डहाणूपासून तलासरीपर्यंत विजेचे खांब वाकडेतिकडे पडले. लाईट आता काही तासांची गोष्ट नव्हती, हे सगळ्यांना कळलं. आणि मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. मनात म्हटलं, आली ती वेळ. आता बघा, मी का राखून ठेवलं होतं ते.

सकाळी वारा पडल्यावर मी कुलूप काढलं. वरच्या पाड्याच्या बाया रिकामे हंडे घेऊन जमल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "वर जा, नळापाशी उभ्या राहा." त्या हसत वर गेल्या. मी बॅटरीचा खटका वर केला, पंप सुरू केला. घुर्र झालं. दोन श्वास. मग यंत्राने टीं-टीं असा आवाज काढला आणि सगळं गप्प. पुन्हा लावला. टीं-टीं. पुन्हा. मग तो आवाजही येईना.

मी त्या खोलीत किती वेळ उभी होते कोण जाणे. वर त्या नळापाशी उभ्या होत्या. त्यांना जाऊन सांगणारं माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

फोनला रेंज नव्हती, टॉवरही बंद. हायवेपर्यंत चालत आणि पुढे जीपला लोंबकळत तलासरी गाठली. कचेरीत गर्दी, टेबलावर यादी. कुठल्या गावाची लाईन आधी जोडायची, कुठे टँकर पाठवायचा. मी आमचं गाव सांगितलं. साहेबांनी यादीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "तुमच्याकडे मायक्रोग्रिड आहे की! तुम्ही शेवटी. ज्यांच्याकडे काही नाही त्यांना आधी द्यायला नको का?"

"साहेब, ते चालत नाहीये."

"कागदावर चालू आहे, बाई. दर महिन्याला तुम्हीच लिहून पाठवता."

खरं होतं. दर महिन्याला मीच लिहीत होते: यंत्रणा सुस्थितीत. माझंच अक्षर, माझीच सही. करायला गेले एक आणि झालं भलतंच. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांना टँकर मिळाला. आमच्याकडे मायक्रोग्रिड होतं, म्हणून आम्हाला काहीच मिळालं नाही. मी तिथे आरडाओरडा केला. टेबलावर हात आपटला. साहेबांनी पाणी पुढे केलं, ते मी प्यायले नाही. रागाने म्हणा, लाजेने म्हणा. तोंड कोरडं ठेवूनच परत आले.

ते दिवस मला नीट आठवत नाहीत, टेकडी तेवढी आठवते. सकाळी एक हंडा काकीचा, संध्याकाळी एक. मी नेऊन द्यायचे. ती माझ्याकडे न बघता हंडा उतरवून घ्यायची. वाटेत भेटणाऱ्या बाया विचारायच्या, काय झालं गो बॅटरीला? मी सांगायचे, वादळात बिघडली. ठेकेदाराने हलका माल घातला, असंही सांगायचे. लोकांना पटायचं, कारण ठेकेदार हलका माल घालतात हे कोणाला शिकवावं लागत नाही.

मिस्त्री आला तेव्हा लाईन जोडून आठवडा होऊन गेला होता. त्याने बॅटरीची झाकणं उघडली आणि आत टॉर्चचा उजेड पाडून बघितलं. पांढरी खपली धरली होती.

"बेन, केटला महिना बंद राखी हती?"

मी महिने मोजून सांगितले. त्याने झाकण परत लावलं. मग आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला, "बॅटरीला झोपवायची नाय, बेन. रोज थोडी वापरायची, रोज भरायची. झोपवली तर मरते." बंद ठेवलेली बॅटरी आपली आपण रिकामी होत जाते, आणि रिकामी पडून राहिली की आतून सडते, हे त्याने समजावलं. हेच त्या इंग्रजी कागदात लिहिलं होतं, तिसऱ्या ओळीत.

मी त्याच्यावर तुटून पडले. "मग हे तेव्हा का नाही सांगितलं? आणि दारावर आपत्कालीन कशाला लिहिलं?"

"ते साहेबने लिहिवलं."

साहेबांनी लिहिवलं, मिस्त्री फोनवर होता, कागद इंग्रजीत होता. सगळं खरं. पण खटका माझ्या हाताने खाली गेला होता. कंपनीने बदलून द्यायला नकार दिला. यंत्राच्या पोटात सगळी नोंद असते म्हणे, खटका कधी पडला त्याचीसुद्धा. मी रजिस्टरमध्ये मात्र लिहिलं: वादळात बॅटरी निकामी. आणि ते तसंच राहू दिलं.

पावसाळा गेला. सुगी आली. एक दिवस दुपारी पंप बंद करून घरी निघाले तर डांबरी रस्त्याच्या कडेला, वळणावर, काकी दिसली. रस्त्यावर नागलीची कणसं पसरलेली. पुतण्याच्या खळ्यावर यंदा त्याचंच काम आटोपत नव्हतं. काकी दांडक्याने कणसं बडवत होती, आणि गाडी आली की काठी उचलून बाजूला होत होती. ट्रॅक्टर कणसांवरून गेला. ती पुन्हा बसली. झाडूने दाणे गोळा करताना दाण्यांबरोबर डांबराची बारीक खडीही येत होती. पाठीमागे थोड्या अंतरावर तिच्या खळ्यावर निळ्या पट्ट्या उन्हात चमकत होत्या.

मी जाऊन तिच्या शेजारी बसले. हातातली पिशवी ठेवली आणि तिच्या हातातून झाडू घेतला. आणि मग जे कोणाला सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. वादळाने नाही, ठेकेदाराने नाही, मी मारली. बियाण्यासारखी राखून ठेवायला गेले आणि मारली. बोलता बोलता रडूही आलं, आणि रडू आल्याचा मला आणखी राग आला.

काकी दाणे निवडत राहिली. मग म्हणाली, "बियाना राखतात, ता खरा. पन सालाला पेरतात ना गो. दोन-तीन साल मडक्यातच ठेवला तर उगवल का?"

इतकी वर्षं मी त्या मडक्याकडे बघत होते. ते उंचावर चढताना बघितलं होतं. दरवर्षी ते खाली उतरतं, लिंपण फोडतात, बी पेरतात आणि मडकं नव्याने भरतात, हे काय मी बघितलं नव्हतं? आणि हे काकीला माहीत होतं, वरच्या पाड्याच्या प्रत्येक बाईला माहीत होतं.

"मग तेव्हा का नाही बोललीस?" मी विचारलं. राग माझ्यावर होता, निघाला तिच्यावर.

"तू शिकलेली," ती म्हणाली. "मला वाटला, बॅटरीची गोष्ट वेगली असल."

दुसऱ्या दिवशी मी खरा अर्ज लिहिला. चूक कोणाची ते लिहिलं, पाटीबद्दल लिहिलं, मराठीत कागद द्या असंही लिहिलं. त्या अर्जाने बॅटरीच्या आधी मला नोटीस आणली. खुलासा द्या म्हणे. दिला. पंचायतीत जे बोलायचे ते बोलले, पूर्वी तोंड वाकडं करणाऱ्यांना तोंड आणखी वाकडं करायची संधी मिळाली. मग पुष्कळ हेलपाटे, पुष्कळ "बघू", आणि थंडी सरता सरता नव्या बॅटरी आल्या. दारावरची पाटी मी स्वतः काढली. कचेरीतून विचारणा झाली, सरकारी पाटी कोणाच्या परवानगीने काढली. त्या नोटिशीला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

आता रोज सकाळी एक तास मी मोठ्या लाईनचा खटका मुद्दाम पाडते आणि पंप बॅटरीवर चालवते. नंतर दिवसभर ऊन तिला भरतं. महिन्याच्या अहवालात सुस्थितीत लिहायच्या आधी आत जाऊन, झाकणं उघडून बघते.

होळीच्या आसपास एकदा दुपारी लाईट गेली. मी खोलीत धावले नाही, यंत्राने आपलं आपण केलं. पंप चालूच. मला राहवलं नाही, टेकडी चढून काकीकडे गेले. नळ सुरू होता, बाया भांडी लावून भांडत होत्या, जशा लाईट असताना भांडतात. काकीने अंगणातली मडकी भरून ठेवली होती. मला बघून म्हणाली, "बस, भाकर टाकते." मी नको-नको म्हणत बसले.

तिने नळाच्या त्याच पाण्यात नागलीचं पीठ मळलं. चुलीवर भाकर टाकली, वर लाल मिरचीची चटणी आणि सुका जवळा दिला. मी मनातून खूश होते. शब्द पाळला होता, उशिरा का होईना. मला वाटलं, आता ती काहीतरी म्हणेल. पानी आला गो, असं काहीतरी.

पहिला घास चावला आणि दाताखाली कचकन खडी आली.

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग तव्याकडे.

"चाळला होता मी," ती म्हणाली. "तरी राहतो."

मी तो घास थुंकला नाही. पुढचाही नाही. भाकर पूर्ण खाल्ली, तिने दुसरी वाढली, तीही खाल्ली. खाली तिच्या खळ्यावरच्या विजेवर पंप चालत होता, त्याचा आवाज वरपर्यंत येत होता.